जुनी जाहिरात खालून वर वाचावी

गालभर दाढीचा फेस लावलेलं एक तान्हं बाळ, हातात वस्तरा, आणि 'सुरुवात लवकर करा, स्वतःची दाढी स्वतः करा' अशा अर्थाचा मथळा. जिलेटची ही जाहिरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. कुणीतरी ती व्हॉट्सॲपवर पाठवतं, आपण हसतो आणि दुसऱ्या ग्रुपवर ढकलून देतो. त्या ढकलण्याआधी दोन मिनिटं थांबावंसं वाटणाऱ्यांसाठी हे टिपण आहे.

जुन्या जाहिरातींचा नाद मला दहा-बारा वर्षांपूर्वी लागला. सुरुवातीची दोन वर्षं मी नुसती चित्रं गोळा केली आणि ती जवळजवळ वाया गेली. जाहिरातीत चित्र आणि मथळा वर असतो. तो आपल्याला थांबवण्यासाठी. खरी हकीगत खाली असते: किंमत, बारीक टाइप, पत्ता, कापून पाठवायचं कूपन. म्हणून नवख्या माणसाला मी एकच सांगतो, जाहिरात खालून वर वाचा. बाकीच्या पायऱ्या या एका सवयीसाठीच आहेत.

इथली बहुतेक उदाहरणं १९०० ते १९३० या काळातल्या अमेरिकन मासिकांतली आहेत. कारण सोपं आहे. घरबसल्या, पूर्ण अंकासकट, फुकट बघायला मिळणारा सर्वांत मोठा साठा तिकडचा आहे.

पहिली पायरी : चित्र नको, अंक मिळवा

सुटी कापलेली जाहिरात म्हणजे पाकिटाशिवाय पत्र. कुठल्या मासिकात, कुठल्या महिन्यात, कशाच्या शेजारी छापली होती हे कळलं नाही तर निम्मी मजा गेली. इंटरनेट अर्काइव्ह या फुकट डिजिटल ग्रंथालयात मासिकाचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. गूगल बुक्सवर 'पॉप्युलर मेकॅनिक्स' आणि 'पॉप्युलर सायन्स'चे जुने अंक पानं उलटत वाचता येतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९११ ते १९५५ या काळातल्या ७,०००हून अधिक छापील जाहिराती विषयवार लावून ठेवल्यात. प्रसाधनं, वाहतूक, रेडिओ, दूरचित्रवाणी अशी दालनं आहेत. हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या सामायिक डिजिटल संग्रहाचा साठाही अफाट आहे, पण भारतातून बघताना त्यातली बरीच पानं हक्कांच्या कारणाने उघडत नाहीत. तिथे अडलात तर तोच अंक इंटरनेट अर्काइव्हवर शोधा.

इथे एक खड्डा आहे, नवखे हमखास त्यात पडतात. जुन्या अमेरिकन मासिकांत जाहिराती मजकुरात मिसळलेल्या नसत. सुरुवातीला आणि शेवटी त्यांचे वेगळे गठ्ठे असत आणि त्यांना बहुधा पृष्ठांकही वेगळे असत. ग्रंथालयं वर्षाचे बारा अंक एकत्र बांधायची तेव्हा मुखपृष्ठं आणि हे गठ्ठे 'फालतू' म्हणून काढून टाकायची. त्यामुळे स्कॅन केलेला खंड उघडावा तर कथा आहेत, कविता आहेत, जाहिरात औषधालाही नाही. अशा वेळी खंड सोडा आणि सुटा अंक शोधा. आपल्याकडच्या बांधीव मासिकांचं काही वेगळं नाही. एका जुन्या वाचनालयात 'मनोरंजन'चे खंड चाळताना मला पहिल्या तासात एकही जाहिरात दिसली नव्हती. ग्रंथपालबाईंनीच सांगितलं, "बाइंडिंगवाल्याने काढली असतील हो. जागा खातात ना."

आणखी एक लक्षात ठेवा. १९३६ पूर्वीचं 'लाइफ' म्हणजे फोटोंचं प्रसिद्ध 'लाइफ' नव्हे. ते १८८३ साली सुरू झालेलं विनोदी साप्ताहिक. नाव एक, मासला दुसरा.

अंक मिळाला की रंगीत पूर्ण पानांकडे आधी जाऊ नका. मागच्या पानांतल्या काडेपेटीएवढ्या जाहिराती बघा. उंची वाढवा, तोतरेपणा घालवा, घरबसल्या गुप्तहेर व्हा, टपालाने सॅक्सोफोन शिका. मोठ्या कंपन्यांकडे चित्रकार होते, पैसा होता. या छोट्यांकडे फक्त शब्द होते आणि ते शब्द जिवावर उदार होऊन लिहिलेले असत.

दुसरी पायरी : तारीख ठरवा

अंक हाती असेल तर प्रश्नच नाही. सुटं पान मिळालं असेल तर बारीक खुणा पाहा. अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर पान १९६३ नंतरचं. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर १९४३ नंतरचं. औषधाच्या किंवा खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत '३० जून १९०६ च्या कायद्यान्वये हमी' असं लिहून पुढे अनुक्रमांक असेल, तर १९०७ नंतरची काही वर्षं. निळ्या गरुडाचं चिन्ह आणि 'एनआरए' ही अक्षरं दिसली तर १९३३ ते १९३५. मंदीच्या काळातल्या सरकारी योजनेची ती खूण.

मराठी पानावर आणे-पै दिसले तर ते साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ किंवा त्यानंतरचं, नुसतं 'मुंबई नं. ४' असेल तर बहुधा त्याआधीचं. 'टपाल हंशील निराळे' हे शब्द दिसले की मला उगाच बरं वाटतं. तारीख ठरवायला मात्र त्यांचा उपयोग नाही, ते फार वर्षं टिकले.

तिसरी पायरी : आता खालून वर

कूपन. सर्वांत खाली ठिपक्यांच्या रेषेत कूपन असतं. त्यावरचा पत्ता नीट वाचा. कंपनीच्या नावापुढे 'विभाग' म्हणून एखादा आकडा किंवा अक्षर असतं. नवख्याला वाटतं, केवढी मोठी कंपनी, किती विभाग! प्रत्यक्षात बहुतेकदा तसा विभागच नसतो. प्रत्येक मासिकासाठी आणि प्रत्येक महिन्यासाठी वेगळा आकडा छापायचा. आलेल्या पाकिटांवरचे आकडे मोजले की कुठल्या मासिकातल्या कुठल्या मथळ्याने गिऱ्हाईक आणलं ते कळायचं. शंभर वर्षांपूर्वीचं हे 'किती जणांनी क्लिक केलं'.

यातून एक कामाचा नियम निघतो. टपालाने माल विकणाऱ्याची एकच जाहिरात वर्षानुवर्षं छापलेली दिसली तर ती पैसे कमावत होती असं धरा. शेरविन कोडी यांच्या इंग्रजी सुधारण्याच्या टपाल-अभ्यासक्रमाची जाहिरात घ्या. मॅक्सवेल सॅकहाइम यांनी लिहिलेला मथळा विचारतो, 'इंग्रजीत या चुका तुम्ही करता का?' १९१९ पासून सुमारे चाळीस वर्षं ती थोड्याफार फरकाने छापली गेली. त्या मथळ्यातला 'या' शब्द काढून पाहा. 'चुका करता का?' असं विचारलं तर माणूस 'नाही' म्हणून पान उलटतो. 'या चुका' म्हटलं की कुठल्या ते बघायला थांबावंच लागतं.

किंमत. आकडा वाचून 'किती स्वस्त!' म्हणू नका. त्या काळच्या पगाराशी ताडून बघा. जिलेटचा संच पाच डॉलरचा होता. फोर्डने १९१४ मध्ये रोजची पाच डॉलर मजुरी जाहीर केली तेव्हा जगभर बोभाटा झाला. त्याआधी तिथल्या साध्या कामगाराला दिवसाला अडीच डॉलरच्या आतच मिळत. म्हणजे दाढीच्या वस्तऱ्याला दोन दिवसांहून जास्त घाम. आता बाळ परत बघा. महागडी आणि धारदार वस्तू तान्ह्याच्या हातात देऊन जाहिरात सांगते की ती निर्धोक आहे आणि वापरायला सोपी आहे. बाळाचा मूर्खपणा मुद्दाम केलेला आहे. आपण त्यांना हसत नसतो, त्यांनी आपल्याला हसवलेलं असतं. उलट कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा १९०० साली एका डॉलरला निघाला, आणि त्याच्या जाहिराती मुलांसाठीच होत्या. दोन्हीकडे मूल आहे, पण किंमत वाचल्याशिवाय फरक कळत नाही.

बारीक टाइप. इथे भिंग काढा. १९३० मधली लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात बघा. पांढरा कोट घातलेला हसरा डॉक्टर हातात पाकीट धरून उभा, आणि मोठ्या अक्षरांत आकडा: २०,६७९ डॉक्टर म्हणतात की लकीने घशाला त्रास कमी होतो. आकडा वीस हजार नाही, २०,६७९. शेवटचे ते ७९ सगळा विश्वास कमावतात. आता खाली या. बारीक अक्षरांत लिहिलंय की हा आकडा एका हिशेब तपासनीस संस्थेने तपासून प्रमाणित केला आहे. वाचणाऱ्याला वाटतं, डॉक्टरी दावा तपासला. तपासनीसांनी फक्त उत्तरं मोजली होती. आणि ही उत्तरं मिळवताना कंपनीने डॉक्टरांना सिगारेटचे खोके भेट म्हणून पाठवले होते. घरी आलेल्या पेढ्यांना कोण नावं ठेवतं?

पत्रं आणि प्रशस्तिपत्रं. यातला सर्वांत बहारदार किस्सा लिडिया पिंकहॅम यांचा. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या या बाईंनी स्त्रियांच्या तक्रारींवर जडीबुटीचा काढा १८७५ च्या सुमारास विकायला काढला. काढ्यात साधारण १८ टक्के अल्कोहोल होतं, तेव्हा तो घेऊन 'बरं वाटतं' म्हणणाऱ्या बाया खोटं बोलत नसाव्यात. जाहिरातीत बाईंचा शांत, आजीसारखा चेहरा असे आणि मजकुराचा आशय असे: डॉक्टरला सांगायची लाज वाटते ते पिंकहॅमबाईंना लिहा. बायका लिहीत, उत्तरं येत. 'लेडीज होम जर्नल'ने असल्या औषधांच्या जाहिराती १८९२ पासून घेणं बंद केलं होतं. त्याचे संपादक एडवर्ड बॉक यांनी १९०५ मध्ये एक फोटो छापला. लिनच्या दफनभूमीतला बाईंच्या थडग्याचा दगड, त्यावर मृत्यूचं वर्ष १८८३. बाईंना जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि पत्रव्यवहार चालूच होता! कंपनीचं म्हणणं, उत्तरं सूनबाई देतात, त्याही पिंकहॅमच. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, औषधातलं अल्कोहोल आणि मादक द्रव्यं लेबलवर छापायला लावणारा कायदा झाला.

म्हणून पत्र लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि पदवी बघत जा. १९२० च्या दशकात फ्लाइशमन कंपनी पाव फुगवायचं यीस्ट पोट साफ राहावं आणि पुटकुळ्या जाव्यात म्हणून रोज दोन-तीन वड्या खायला सांगत होती. जाहिरातीतले डॉक्टर बहुधा युरोपातले असत, दाढीदार, भारदस्त नावांचे. कारण अमेरिकन वैद्यक संघटनेचे नियम तिथल्या डॉक्टरांना अशी शिफारस करू देत नसत.

मथळा. सगळं वाचून झालं की शेवटी वर या आणि एकच विचारा: इथे भीती कोणती विकली जातेय? १८७९ मध्ये लिस्टरीन जंतुनाशक म्हणून निघालं. नाव सर्जन जोसेफ लिस्टर यांच्यावरून. १९२० च्या दशकात ते तोंडाच्या वासावर विकायचं ठरलं, पण 'तोंडाला वास येतो' असं सभ्य मासिकात छापायचं कसं? मग वैद्यकाच्या पुस्तकातला 'हॅलिटोसिस' हा शब्द उचलला. शब्द डॉक्टरी झाला की लाज गेली आणि आजार आला. जाहिरातीतली एडना सुंदर आहे, घरंदाज आहे, मैत्रिणींची लग्नं झालीत, हिची तिशी जवळ येतेय, आणि कारण तिला कुणी सांगत नाही. जिवलग मैत्रीणसुद्धा सांगणार नाही! खाली बाटली. आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींत नोकरी न मिळणारी मुलगी आठवते ना? तीच एडना.

हसायला निर्मळ असंही खूप आहे. केलॉगने १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या गृहिणींना सांगितलं, बुधवारी तुमच्या वाण्याला डोळा मारा आणि काय मिळतं ते पाहा. मिळायचा कॉर्नफ्लेक्सचा नमुना. कुणी मारला, कुणी नाही, पण विषय शहरभर झाला.

चौथी पायरी : बनावट ओळखा

'बाळाला लवकरात लवकर कोला पाजा' असं सांगणारी, १९५० च्या काळातली वाटणारी एक जाहिरात तुम्हालाही आली असेल. ती २००२ साली गंमत म्हणून बनवलेली आहे. खाली ज्या सोडापॉप मंडळाचं नाव आहे तसं मंडळच नव्हतं. उलट लहान मुलांच्या दातदुखीवर कोकेनचे थेंब, ही १८८५ ची जाहिरात अगदी खरी आहे. तेव्हा 'इतकं वेडगळ खरं नसेलच' हा निकष चालत नाही.

मी तीन गोष्टी बघतो. मासिक आणि महिना कुणी सांगितलाय का. त्या अंकाच्या स्कॅनमध्ये ते पान सापडतं का. आणि विनोद फारच नेमका आजच्या मापाचा आहे का. जुन्या जाहिरातीला आपण पुढे कशाला हसणार हे माहीत नव्हतं. ज्या जाहिरातीला ते माहीत असल्यासारखं वाटतं, तिथे संशय घ्या.

जिथे हसू थांबतं

हा नाद लागला की एक दिवस रेडिथॉर भेटतं. न्यू जर्सीतल्या विल्यम बेली यांचं हे औषध म्हणजे रेडियम घातलेलं पाणी, छोट्या बाटलीत, तरतरी येण्यासाठी. त्या काळात 'रेडियम'च्या नावावर विकला जाणारा बराच माल बोगस होता आणि म्हणून निरुपद्रवी. रेडिथॉरची जाहिरात मात्र खरं बोलत होती, बाटलीत खरंच रेडियम होतं. ईबेन बायर्स हे श्रीमंत उद्योगपती आणि गोल्फपटू ते वर्षानुवर्षं प्यायले, सुमारे १,४०० बाटल्या. जबड्याचं हाड झडत गेलं आणि १९३२ मध्ये ते वारले. ही जाहिरात मी 'बघा किती गमतीशीर' म्हणून कुणाला पाठवत नाही. तीच गोष्ट स्त्रियांना लायसोल हे जंतुनाशक आतून वापरायला सुचवणाऱ्या जाहिरातींची. 'स्त्रियांची आरोग्य-स्वच्छता' हे तिथे संततिनियमनाचं आडनाव होतं, कारण उघड छापायला कायदा आड येई. अशा पानांसाठी वेगळं फोल्डर ठेवा.

असल्या दाव्यांना लगाम घालणारा आपला चमत्कारी उपायांविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. गिरगावापासून जामनगरपर्यंतच्या 'शक्तिवर्धक' गोळ्यांच्या जुन्या मराठी जाहिराती चाळल्या की तो का लागला ते विचारावं लागत नाही.

देशी धागा सापडला तर सोडू नका. १९०४-०५ मध्ये शरीरसौष्ठवाचा सम्राट युजेन सँडो भारत दौऱ्यावर आला होता. त्याच्या नावाने व्यायामाची साधनं आणि टपाली अभ्यासक्रम जगभर विकले जात. साधनं गेली, अभ्यासक्रम गेले, नाव मात्र आपल्या दांडीवर वाळत पडलेलं असतं. सँडो बनियन. आणि आपलं 'किर्लोस्कर' मासिक तर १९२० मध्ये कारखान्याचं मुखपत्र, 'किर्लोस्कर खबर', म्हणून सुरू झालं. म्हणजे तिथे मासिकात जाहिरात नव्हती, जाहिरातीतून मासिक निघालं.

कागद विकत घ्यायचा असेल तर

घाई नको. माझं पहिलं पान एका जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने 'अस्सल १९२२' म्हणून दिलं आणि मी घासाघीस न करता घेतलं. घरी येऊन उलटलं, मागची बाजू कोरी! मासिकाच्या आतल्या पानामागे दुसरं पान असतंच, मग ती जाहिरात असो की कथेचा तुकडा. तेव्हा आधी पान उलटा. मग अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च मारा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळसर चमकतं, जुना कागद मंद राहतो.

दुसरं पान अस्सल होतं, त्याचं मी लॅमिनेशन केलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पंधरा रुपयांत त्याची कायमची वाट लावली. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, स्टेपल नाही. पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीची वासाची पाकिटं नकोत. पावसाळ्यात कपाट आठवड्यातून एकदा उघडा, नाहीतर कसर लागते. स्कॅन करताना पानामागे काळा कागद धरा म्हणजे मागची छपाई उमटत नाही.

दुसऱ्यांना दाखवताना मासिक, महिना, वर्ष आणि पृष्ठ लिहा. हक्कांचं म्हणाल तर अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षं झाली की साहित्य मुक्त होतं, आणि दर १ जानेवारीला आणखी एक वर्ष मोकळं होतं. आपल्याकडे निनावी प्रकाशित मजकुराला ६० वर्षं.

शेवटची एक सूचना खरेदीबद्दलच. कूपन कापून नेलेलं पान विक्रेते खराब म्हणून कमी किमतीत देतात. ते आधी घ्या. माझ्याकडे टपालाने वाद्य शिकवणाऱ्या शाळेचं असं एक पान आहे. खालच्या कोपऱ्यात चौकोनी भोक, कात्री एका बाजूला जरा तिरकी गेलेली. म्हणजे कुणीतरी खरंच पाठवलं होतं. मागच्या बाजूला एका कथेचा शेवट होता आणि तो नेमका त्या चौकोनाबरोबर गेला. नायक बर्फातून स्टेशनपर्यंत आलाय. गाडी मिळाली की नाही, मला कळलेलं नाही.